तांबड्या मण्यांचा ताईत

पूर्वी दंतपुरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मणिकाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुवच. नंदिक नावाचा भागीदार त्याच्याबरोबर पेढीवर बसे.

सुवच माल विकू लागला की नंदिक नुसता पाहत राही. सुवच मण्याची स्तुती करीत नसे, "कुणासाठी घेता?" एवढेच विचारी. सासरी निघालेल्या लेकीसाठी माळ घ्यायला आलेला बाप मग तिच्या बालपणाविषयी बोलू लागे, आणि बोलता बोलता जी माळ हातात असे तीच त्याला हवीशी वाटे. माणूस पारखतो डोळ्यांनी, पण घेतो मनाने, हे नंदिक तिथे शिकला.

एका वर्षी नगरातील मुलांमध्ये तापाची साथ आली. सुवच परगावी होता. नंदिकाने पडून राहिलेले तांबडे काचमणी दोऱ्यांत ओवले आणि हा ताईत बांधलेल्या मुलाला ताप शिवत नाही, असे तो सांगू लागला. दारात रीघ लागली. आपल्यालाही ती विद्या साधली म्हणून तो सुखावला.

सुवच परतला तेव्हा केसा नावाची गवळण दाराशी उभी होती. ताइताच्या बदल्यात ती आपली एकुलती गाय देणार होती. सुवचाने नेहमीचाच प्रश्न विचारला.

"लेकासाठी," ती म्हणाली. "कालपासून डोळे उघडत नाही."

"बाई, ही काच आहे. हिने ताप उतरत नाही. मुलाला घेऊन आपण वैद्याकडे जाऊ."

केसाला ते पटेना. गल्लीतल्या सगळ्या पोरांना मिळाला, माझ्याच पोराला का नाही, म्हणून ती रडू लागली. सुवचाने काही न घेता ताईत तिच्या हातात ठेवला, गाय परत पोचवायला तिचे दावे धरले आणि तो केसाबरोबर तिच्या घरी गेला. मुलाला स्वतः उचलून त्याने वैद्याच्या दारी पोचवले. मग चौकात उभा राहून, ज्या गोड वाणीने तो माळा विकी त्याच वाणीने, त्याने ताइताची खरी गोष्ट सांगितली. लोकांनी मणी त्याच्यावर भिरकावले. त्याने ज्याचे पैसे त्याला परत केले.

नंदिक दुखावला. लोक आपण होऊन घेत होते, जबरदस्ती कुणी केली, असे त्याने विचारले.

सुवच म्हणाला, "लेकीच्या बापाला आनंद असतो. माळ घरी गेली तरी तो उरतो. या बाईला भीती आहे. आपण ती भीती गप्प करून तिला पाठवले असते, तर ती वैद्याकडे गेलीच नसती."

नंदिकाला आजवर त्याच्या बोलण्याचे कौतुक होते. त्या दिवशी प्रथमच त्याने मनोमन त्याला नमस्कार केला.

त्या साथीत सगळी मुले वाचली नाहीत. केसाचे वाचले. पेढी मात्र वर्षभर ओस राहिली, आणि सुवचाने त्याबद्दल कधी खंत केली नाही.

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचा गुरू शास्ता म्हणाला, "तेव्हाचा नंदिक हा आज इथे बसलेला भिक्षू पुण्णक. केसा म्हणजे विहारातील आजाऱ्यांची सेवा करणारी उपासिका सोमा. सुवच मीच होतो. ज्याला दुसऱ्याच्या मनातले कळते, त्याने ते मन लुटू नये. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."