तोडलेला दोर

एकदा एका वृद्ध मौलवींनी मशिदीच्या अंगणात बसून, दिसायला चांगला धडधाकट असा काथ्याचा दोर कोयत्याने तोडला, आणि त्यांच्या लाडक्या शिष्याला वाटले, उस्तादांना म्हातारचळ लागला.

वाटणे साहजिक होते. तांब्याभर पाण्यात मौलवी वजू करत, म्हणजे नमाजापूर्वी हात, पाय, तोंड धूत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही पैगंबरांची शिकवण ते नुसती सांगत नसत, तशी जगत. एका व्यापाऱ्याने मशिदीसाठी भलेमोठे झुंबर देऊ केले, तर "आहे त्या उजेडात कुराण वाचता येतं," म्हणून त्यांनी ते गोड शब्दांत परत पाठवले. अशा माणसापुढे आपले हात आपोआप जोडले जातात. शिष्याने त्यांचा हा गुण उचलला खरा, पण नव्या शिकाऊ माणसाचा उत्साह जरा जास्तच असतो.

रमजान तोंडावर आला होता आणि मिनाराला चुना लावायचा होता. दस्तगीर नावाचा रंगारी वरून सोडलेल्या दोराला फळी बांधून, तिच्यावर बसून हे काम दरवर्षी करी. मौलवींनी शिष्याला नवा दोर आणायला सांगितले होते. त्याने तो आणलाच नाही. विहिरीचा जुना दोर धुतला, झिजलेल्या जागी सुतळी गुंडाळली आणि मोठ्या ऐटीत उस्तादांपुढे ठेवला.

"यात भागतंय, उस्ताद. नव्याची उधळपट्टी कशाला?"

मौलवींनी दोर इथेतिथे दाबून पाहिला आणि कोयता मागितला. हातहातभर तुकडे पडू लागले, तसा शिष्याचा चेहरा उतरला.

"उस्ताद, हा तर इस्राफ झाला! थेंबभर पाणी सांडलं तर उधळपट्टी म्हणून रागावता, आणि आज अख्खा दोर..."

मौलवींनी एका तुकड्याचा पीळ उलगडून त्याच्या तळहातावर ठेवला. आतला काथ्या कुजून काळा भुगा झाला होता. बाजूला चुना कालवणाऱ्या दस्तगीरने तो पाहिला आणि त्याचा हात थांबला.

"बेटा," मौलवी म्हणाले, "हा अख्खा राहिला असता, तर आज ना उद्या कोणीतरी याच्या भरवशावर लटकलं असतं. तुकडे भांडी घासायला होतील, वाया काही जाणार नाही. 'खा, प्या, पण उधळू नका' हे कुराणातलं तुझ्या चांगलं लक्षात राहिलं. त्याच कुराणात एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या माणसांना वाचवणं, असंही आहे. पाणी आपण का जपतो? ती अल्लाहची देणगी म्हणून. मग हा दस्तगीर कोणाची देणगी? तू दोर वाचवलास आणि माणूस उधळायला निघालास. याहून मोठा इस्राफ मला ठाऊक नाही."

दस्तगीरची धाकटी मुलगी रोज सकाळी याच शिष्याकडे अलिफ-बे गिरवायला येत असे. ती डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्याला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून एक नव्हे, दोन नवे दोर घेऊन आला.

"दोन?" मौलवींनी मिश्कीलपणे विचारले.

"एक फळीला. फळी निसटलीच, तर दुसरा दस्तगीरचाचांच्या कमरेला."

मौलवींनी दोन्ही गाठी स्वतः ओढून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. शिष्य दिवसभर मिनाराखालून हलला नाही.

संध्याकाळी दस्तगीर खाली उतरला. अंगभर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "वीस वर्सं चढतोय मी यावर. वर गेलं की निम्मं ध्यान दोराकडंच असायचं. आज पयल्यांदा नुसता मिनार रंगवला."