भुशाच्या भावात ऊब

"भुसा फुकट, तर कांडी महाग कशी?" अर्जोजीराजांनी विचारलं आणि धाको सुताराला अंधारकोठडीत टाकलं. उत्तर ऐकायला थांबले नाहीत. प्रश्न विचारणं राजांचं काम. उत्तरं ऐकायला दिवाण पगारी ठेवले होते.

गडावर थंडी मरणाची. राजांना धूर सोसत नसे, म्हणून त्यांच्या शेगडीत लाकूड जळत नसे. पायथ्याच्या वखारीत धाको लाकडं कापी. करवतीखाली पडलेला भुसा वाळवून, साच्यात दाबून तो बोटाएवढ्या कांड्या करी. धूर थोडा, ऊब फार. यंदा कांड्यांचा भाव दुप्पट झाला आणि शेगडीआधी राजांचं डोकं तापलं.

धाकोची लेक येसू गड चढून थेट दरबारात आली.

"महाराज, माझ्या बाला सोडा!"

"सोडतो. उद्या मला भुशाच्या भावात ऊब दे आणि बाप घेऊन जा. नाही जमलं तर तुझा साचा फोडून शेगडीत घालीन. बाप कोठडीतच म्हातारा होईल!"

"महाराज, गेल्या साली आपण माल उन्हाळ्यात मागवलात. ऊन फुकटात भुसा वाळवत होतं, खेचरं रिकामी उभी होती. यंदा दात वाजायला लागले तेव्हा आपल्याला आठवण झाली! आता धुक्यानं भुसा ओलाचिंब. चार टोपल्या वाळवायच्या तर पाचवी जाळावी लागते. आणि खेचरवालाही अडून बसलाय. त्याला कळलंय, राजे कुडकुडताहेत."

"हे त्याला सांगितलं कुणी?"

"आपल्याच दवंडीवाल्यानं! 'असतील तेवढ्या कांड्या ताबडतोब आणा' म्हणून गावोगाव ओरडत हिंडला."

दरबारात कुणीतरी उगाच खोकलं. दिवाण रामाजीपंत पुढे सरसावले.

"उपाय सोपा आहे, महाराज. धुक्याला हुकूम काढू. तीन दिवसांत हद्द सोडावी!"

"काढा!"

हुकूम निघाला, शिक्का उठला, धुक्याला वाचूनही दाखवला. धुकं दरबाराच्या खिडकीतून आत आलं आणि दिवाणांच्या पागोट्यावर बसलं.

"शिवाय घाटात तीन ठिकाणी जकात भरावी लागते," येसू म्हणाली.

"बघा! सापडला चोर!" राजे गरजले. "कोण घेतो ही जकात?"

"आपणच, महाराज."

"मग ती रास्त आहे! पुढे बोल."

येसूनं ओळखलं, इथे हुज्जत घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"बरं तर," ती म्हणाली. "उद्या भुशाच्या भावात ऊब देते. पण मी देईन तिथे घ्यायची."

"कुठेही घेईन! राजाचा शब्द आहे!"

दुसऱ्या दिवशी निरोप आला : ऊब तयार आहे, वखारीत यावं. दिवाणांनी नाक मुरडलं. पण शब्द दिला होता आणि राजांचे पाय बर्फ झाले होते. आठ भोई पालखी घेऊन घाट उतरले.

वखारीत शेगडी फुलली होती. राजांनी पाय पसरले, डोळे मिटले. गालांवर रंग आला.

"बघा, दिवाणजी! भुशाच्या भावात ऊब! मी म्हणत नव्हतो, हे लोक लबाड आहेत?"

"आजची मजुरी मी सोडली, महाराज," येसू म्हणाली. "माझा बा कोठडीत आहे म्हणून. रोज सोडली तर चूल पेटायची नाही."

राजांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऊन कलल्यावर ते पालखीत बसले.

"उचला!"

भोई वाकले. तेवढ्यात येसू पालखीपुढे आडवी झाली.

"थांबा, भोईदादा! गड चढवायची मजुरी किती घेता?"

"खायची भाकर भागेल एवढी, बाई," म्हातारा भोई म्हणाला.

"घेऊ नका! महाराजांनीच हिशेब घालून दिलाय. मूळ माल फुकट असला, तर तो वर नेणाऱ्याला काही द्यायचं नाही."

"ए पोरी!" दिवाण ओरडले. "इथे माल कुठला आलाय?"

"पालखीत बसलाय तो! महाराज जन्माला आले तेव्हा आईसाहेबांनी ते कोणत्या बाजारातून विकत आणले होते?"

म्हाताऱ्या भोयानं पालखीत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि दांडा अलगद खाली ठेवला.

"पोरीचं बरोबर आहे. माल फुकटातलाच दिसतोय."

राजे ताडकन उठले. "मी? मी फुकटातला?"

"इथे पायथ्याशी, महाराज!" येसू हात जोडून म्हणाली. "गडावर पोचलात की लाखमोलाचे. पण मधली चढण या आठ खांद्यांची आहे!"

राजांनी चढणीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा चढणीकडे. आणि एकदम असे हसले, असे हसले की भुशाच्या ढिगावरच बसले!

"दिवाणजी, हिच्या बापाला आत्ताच्या आत्ता सोडा! कांड्यांची जकात माफ! पुढच्या सालचा माल उन्हाळ्यातच उचला, आणि अर्धे पैसे आज हिच्या पदरात घाला. वर सोन्याचं कडं!"

"जशी आज्ञा. आणि भोयांचं काय, महाराज?"

"दुप्पट द्या त्यांना, दुप्पट! नाहीतर मला इथेच भुशाच्या भावात विकतील!"