चूलबंद आवतण

एका गावात एक माळी होता आणि त्याच्या मते अख्ख्या गावात शहाणा असा तो एकच होता. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत व्हायचं ते दरवर्षी त्याच्याच वांग्यांचं. त्या दिवशी तो देवापेक्षा ताठ बसायचा.

एका वर्षी वांग्यांच्या वाफ्यात काटेरिंगणी घुसली. उपटावी तर दुप्पट उगवायची. माळ्याचे हात सोलून निघाले, वांगी खुरटली. वैतागून तो बांधावर जाऊन बसला, तर तिथली एक रिंगणी आडवी पडलेली, पानं गाठींनी सुजलेली. त्यानं एक गाठ फोडली. आत दोऱ्याहून बारीक जंत वळवळत होते. शिकलेले लोक त्यांना सूत्रकृमी म्हणतात. जंत एवढासा, नाव हातभर.

"मालक, कुणी जेवत असताना दार उघडू नये," त्यातला म्हातारा जंत म्हणाला.

"ही रिंगणी तुम्ही लोळवलीत?"

"आमचा रोजचा घास आहे तो."

"मग माझ्या वाफ्यात या जेवायला."

"आवतण कसलं? घरटी एक, की चूलबंद?"

घरटी एक म्हणजे घरातून एकानंच जायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरादारानं जायचं, आपली चूल पेटवायचीच नाही.

मागून माळीण म्हणाली, "अहो, रिंगणी संपल्यावर काय खाणार, ते विचारा आधी. तिचं फूल जांभळं, वांग्याचंही जांभळं. चुलत बहिणी दिसतात."

"अगं, पाहुण्याला असलं विचारून घराण्याची अब्रू घालवू?" माळ्यानं मिशी पिळली. "चूलबंद."

माळीण वाफ्यात शिरली. वांग्याची थोडी रोपं टोपलीत घालून ती ओढ्यापलीकडे भावाच्या रानात लावून आली.

जंत लेकुराबाळांसकट आले. रिंगणी झोपली. माळी गावभर छाती काढून फिरला आणि परत येऊन बघतो तो वांग्याच्या पानापानावर गाठी.

"अरे, ही माझी वांगी आहेत."

"तुम्ही चूलबंद म्हणालात, मालक. घरी चूल गार आहे, आम्ही जायचं कुठं? आणि चव अगदी रिंगणीचीच, जरा गोडसर इतकंच."

चंपाषष्ठीला ओढ्यापलीकडच्या वांग्यांचं भरीत झालं. देवाला पुरलं, गावाला पुरलं. माळ्याच्या पानात मात्र नुसता रोडगा आणि कांद्याची पात.

"भरीत?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या वाटचं तुमच्या पाहुण्यांनी कधीच खाल्लं," माळीण म्हणाली आणि पुढच्या पंगतीकडे वळली.

तात्पर्य: वैऱ्याला खाणारा भेटला म्हणून नाचू नये, तो आणखी काय काय खातो ते आवतणाआधी विचारावं. विचारायला लाजला, तो जेवायला मुकला.