साठ नारळ आणि तीन कोंब

फार पूर्वी पश्चिम समुद्राच्या काठी शंखतीर्थ नावाचे नगर होते. तेथे विरजसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सुतीर. वयाच्या तिसाव्या वर्षी तो राजाच्या सर्वांत मोठ्या जहाजाचा नायक झाला. वारा, प्रवाह आणि पक्ष्यांची दिशा यांचे त्याला उत्तम ज्ञान होते. त्याच्या जहाजावर जायला मिळाले की खलाशांच्या घरची माणसे निश्चिंत असत.

विरजसेन राजा न्यायी होता, पण त्याच्या मनाला एक भीती लागून राहिली होती. त्याचे वडील पन्नासाव्या वर्षी वारले होते, आजोबाही पन्नासाव्या वर्षीच. राजाला आता एकोणपन्नासावे लागले होते. अशा वेळी एका परदेशी व्यापाऱ्याने त्याला सांगितले, "महाराज, दक्षिणेकडच्या एका बेटावर एक झाड आहे. तिथले लोक त्याला जीवनवृक्ष म्हणतात."

राजाने त्याच दिवशी सुतीराला बोलावले. "ते झाड माझ्यासाठी घेऊन ये," तो म्हणाला. "फळे आण, रोपे आण, काय जमेल ते आण. आणलेस तर या बंदराचा अधिपती तू." आणि फळांना कोणी हात लावू नये म्हणून त्याने आपल्या पहाऱ्यातला रुद्रिल नावाचा शिपाई बरोबर दिला.

दोन महिन्यांच्या प्रवासानंतर जहाज त्या बेटावर पोहोचले. किनाऱ्यावर उंच, सरळ, फांद्या नसलेली झाडे ओळीने उभी होती. त्या लोकांची भाषा सुतीराला व्यापारामुळे थोडी येत होती. तिल्ला नावाची एक म्हातारी झाडाखाली बसून फळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीच्या काथ्याचा, दोर वळत होती. तिच्या झोपडीवर त्याच झाडाच्या झावळ्या होत्या, चुलीत त्याच्याच करवंट्या जळत होत्या, आणि पाहुण्यांसमोर तिने ठेवले तेही त्याच झाडाचे पाणी.

सुतीराने विचारले, "आई, हे फळ खाल्ले की माणूस मरत नाही, हे खरे का?"

म्हातारी हसली. "माझा नवरा रोज दोन खायचा. त्याला जाळून आता नऊ वर्षे झाली, बाबा."

"मग जीवनवृक्ष का म्हणता?"

"या बेटावर गोडे पाणी नाही," ती म्हणाली. "दुसरे काय म्हणणार?"

आपला राजा निराश होणार हे सुतीराने ओळखले. तरी तिने दिलेले साठ पिकलेले नारळ त्याने आदराने घेतले. वर तिने कोंब आलेले आणखी तीन नारळ ठेवले. "हे वाळूत लाव," ती म्हणाली. "याला चांगली जमीन लागत नाही. कोणीतरी पाणी घालणारे मात्र हवे."

परतीच्या वाटेवर एका दुपारी वादळ झाले. जहाज वाचले, पण पाण्याचे सगळे रांजण एकमेकांवर आपटून फुटले. वादळ गेले आणि वाराही गेला. शीड ओल्या कपड्यासारखे लोंबू लागले. समुद्र तव्यासारखा सपाट झाला. खलाशांनी वल्ही मारली, पण दुसऱ्या दिवशी हातांत बळ राहिले नाही. तिसऱ्या दिवशी मंडन नावाचा म्हातारा स्वयंपाकी बोलता बोलता थांबला. त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

सुतीराने कोयता घेतला आणि तो नारळांच्या कोठीकडे निघाला. दारात रुद्रिल तलवार उपसून उभा होता.

"मागे हो, सुतीर. राजाची आज्ञा तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"एकाही फळाला हात लागला तर मला सुळावर देतील. घरी माझी आई आहे."

सुतीराने कोयता खाली ठेवला आणि तो म्हणाला, "तू बाजूला होऊ नकोस. मी फळ घेतो, मीच फोडतो. राजाला मी सांगेन की रुद्रिलने अडवले आणि मी ऐकले नाही. त्याउपर तुला अडवायचेच असेल, तर तलवार तुझ्या हातात आहे."

तो रिकाम्या हातांनी रुद्रिलच्या अगदी जवळून आत गेला. रुद्रिलची तलवार हलली नाही.

जहाजावर वीस माणसे होती. रोज दोघांत एक नारळ, असे ठरले. पहिला घोट मंडनला दिला. तो डोळे मिटून कितीतरी वेळ ते पाणी तोंडात धरून बसला. रुद्रिलने आपला वाटा नाकारला. "मी शब्द दिला आहे," तो म्हणाला. सुतीराने वाद घातला नाही. पाण्याने अर्धी भरलेली करवंटी त्याने तलवारीशेजारी ठेवली आणि तो सुकाणूकडे गेला. सकाळी करवंटी रिकामी होती.

सहा दिवसांत साठ नारळ संपले. सातव्या दिवशी वारा नव्हताच. उरले ते कोंब आलेले तीन नारळ. सुतीराने एक हलवून पाहिला. आत पाणी वाजत नव्हते. सगळे कोंबाने शोषून घेतले होते. पण आत पांढरा, मऊ, ओलसर गोळा असणार, हे त्याने बेटावर पाहिले होते. ओठ भिजण्यापुरते तरी होईल म्हणून त्याने कोयता उचलला. बंदराचे आधिपत्य त्याच्या मनातही आले नाही.

तेव्हा मंडन म्हणाला, "नायक, थांबा. वीस जणांत ते कितीसे पुरणार? आम्ही साठ जीव प्यालो. हे तीन राहू द्या."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. सुतीराने सर्वांची तोंडे पाहिली आणि कोयता ठेवून दिला. त्या दिवशी सूर्य कलल्यावर नैर्ऋत्येकडून वारा सुटला. शीड फुगले. दुसऱ्या दिवशी पहाटे किनारा दिसला, आणि नदीच्या मुखाशी सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायले.

दरबारात सुतीराने तीन नारळ राजापुढे ठेवले. दोन कोंब खाऱ्या वाऱ्याने करपले होते, एक हिरवा होता.

"एवढेच?" राजाने विचारले.

"साठ फळे होती, महाराज. वाटेत पाणी संपले. मी ती फोडली. रुद्रिलने मला अडवले होते."

रुद्रिल पुढे झाला. "महाराज, तलवार माझ्या हातात होती. मी ती चालवली नाही. आणि मीही प्यालो."

राजा संतापला. "पिऊन काय झाले? अमर झालात?"

"नाही, महाराज," सुतीर म्हणाला. "सात दिवस जगलो. या झाडाने माणूस मरायचा राहत नाही. हेही मी आपल्याला सांगायला हवे."

राजाने दोघांनाही सुळावर दिले नाही, पण सुतीराचे जहाज काढून घेतले आणि रुद्रिलला चाकरीतून दूर केले. "ते गवताचे पाते घेऊन जा," तो म्हणाला, "आणि पुन्हा मला तोंड दाखवू नका."

नगराच्या बाहेर वाळूचा एक ओसाड पट्टा होता. सुतीराने तेथे झोपडी बांधली आणि कोंब लावला. तो जाळी विणून पोट भरी. रुद्रिल रोज आपल्या आईच्या विहिरीवरून दोन घागरी आणी. जहाजावरचे खलाशी बंदरात आले की आपापल्या परीने कुंपण घालत, शेणखत टाकत. सुतीराला समुद्राची आठवण येई, पण खंत वाटत नसे. सकाळी नवे पान उलगडलेले दिसले की त्याचा दिवस चांगला जाई.

सातव्या वर्षी झाडाला फळे धरली.

राजा पन्नासाव्या वर्षी मेला नव्हता. पण तो नीट जगलाही नव्हता. वैद्यांच्या काढ्यांनी आणि ज्योतिष्यांच्या भाकितांनी तो वाळून गेला होता. सत्तावन्नाव्या वर्षी तो पालखीतून त्या वाळूवर आला. झाडाखाली मंडन झावळ्या विणत होता, खलाशांच्या बायका दोर वळत होत्या, आणि सगळे मोठमोठ्याने हसत होते. राजाला पाहून ते उठून उभे राहिले.

सुतीराने एक शहाळे काढून त्याला दिले. राजाने ते सगळे प्यायले.

"आणखी एक फोड," तो म्हणाला. तेही प्यायल्यावर त्याने विचारले, "मला हे लावता येईल?"

त्यांनी त्याला कोंब आलेला नारळ दिला. राजा पालखीतून उतरला आणि गुडघे टेकून स्वतः वाळू उकरू लागला.

"फळ कधी धरेल?"

"सात वर्षांनी, महाराज."

"तोवर मी असेन?"

"सांगता येत नाही, महाराज."

राजाने आणखी एक ओंजळ वाळू काढली. मग म्हणाला, "तर मग खड्डा जरा खोल घेऊ. माझ्यामागे वाऱ्याने पडायला नको." आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो हसला.

त्याने सुतीराला जहाज परत दिले, रुद्रिलला त्या किनाऱ्याची राखण दिली. राजा आणखी चार वर्षे जगला. रोज सकाळी तो आपल्या रोपाला पाणी घालायला येई, आणि शेवटी शांतपणे गेला. त्याच्या झाडाची फळे नगरातल्या लोकांनी खाल्ली, आणि त्यांतूनच पुढे तो सगळा किनारा हिरवा झाला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात जमलेल्या लोकांना सांगितली आणि पूर्वजन्मीचा संबंध असा उलगडला: "ज्या वृद्ध उपासकाने आपली आमराई संघाला देऊन टाकली आणि जो आता मृत्यूला भीत नाही, तो त्या वेळचा विरजसेन राजा. परवा आपली चूक सर्वांसमोर कबूल करणारा भिक्खू म्हणजे रुद्रिल. आजाऱ्यांना पेज करून घालणारी थेरी, ती वृद्ध भिक्खुणी, म्हणजे ती बेटावरची तिल्ला. मंडन आणि बाकीचे खलाशी म्हणजे तुम्ही इथे बसलेले सगळे. आणि सुतीर नावाडी मीच होतो. राखून ठेवायला सांगितलेले असूनही तहानलेल्याला दिले, आणि दिल्यावर ते लपवले नाही. त्या जन्मी माझ्याकडून पूर्ण झाली ती दानपारमिता, दानाची परिपूर्णता."