चार नंबरची रेष

समुद्रकाठच्या एका शहरात श्रीपादराव नाबर नावाचे पंच राहत होते. त्यांची तीस वर्षे जमिनी मोजण्याच्या नोकरीत गेली होती. बांधावरून हमरीतुमरीवर आलेल्या कितीतरी भावाभावांना त्यांच्या टेपने गप्प केले होते. निवृत्तीनंतर त्यांना डार्ट्सचा नाद लागला. भिंतीवरच्या गोल बोर्डावर हाताने लहान बाण फेकायचे, एवढाच तो खेळ. मात्र खेळाडूने बोर्डापासून सात फूट सव्वानऊ इंचांवर आखलेल्या रेषेमागे उभे राहायचे. ही रेष आखावी तर नाबरांनीच, असे सगळे म्हणत. नाबरांचेही तेच मत होते.

एका वर्षी त्या शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्यात दोनच गट होते. एक साठीच्या पुढच्यांचा, दुसरा अठराच्या आतल्यांचा. नऊ देशांचे खेळाडू आले. संयोजक पालेकरबाईंनी नाबरांना मुख्य पंच नेमले. नाबरांनी सहा बोर्डांसमोर चिकटपट्टीने सहा रेषा आखल्या. बोर्डाची जाडी हिशेबात धरून ते भिंतीपासून जमिनीवर टेप लावत. काम झटपट होई आणि आजवर त्यात चूक निघाली नव्हती.

पहिला दिवस उजाडला आणि तक्रारी सुरू झाल्या. म्हातारे म्हणाले, दिवे मंद आहेत. पोरे म्हणाली, दिवे डोळ्यांवर येतात. म्हातारे म्हणाले, पंखा बंद करा, बाण वाऱ्याने वळतो. पोरे म्हणाली, पंखा लावा, हाताला घाम येतो. एका आजोबांना शेजारच्या बोर्डावरच्या मुलीच्या बांगड्यांचा आवाज सहन होईना. त्या मुलीला आजोबांचे खोकणे सहन होईना. जो हरे तो नाबरांकडे येई. जो जिंके तो चहा प्यायला जाई.

सगळ्यांवर कडी केली ती बिर्जे नावाच्या खेळाडूने. हे त्याच शहरातले, वय सदुसष्ट. त्यांचा बाण हवा तिथून दोन बोटे खाली बसे. तो बसला की ते वळून म्हणत, "नाबर, रेष लांब आहे."

नाबर टेप घेऊन उठत, गुडघ्यांवर बसत, मोजत. रेष बरोबर निघे. गुडघे चोळत उभे राहीपर्यंत बिर्जे पुन्हा म्हणत, "जरा परत बघा हो."

"बिर्जे, टेप काय तासातासाला लांबी बदलतो का?"

"टेपचं मला माहीत नाही. रेष लांब आहे."

पहिल्या दिवशी नाबर रेषा मोजण्यासाठी एकोणीस वेळा खाली बसले. एकोणीसही वेळा रेष बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार नंबरच्या बोर्डाचा खिळा निघाला. भिंतीला ओल होती, खिळा धरेना. सुताराने आधी एक जाड फळी ठोकली आणि तिच्यावर बोर्ड टांगला. नाबरांनी येऊन नेहमीसारखा भिंतीपासून रेषेपर्यंत टेप लावला. माप कालचेच आले. तेवढ्यात कुणीतरी पाच नंबरवरून हाक मारली, आणि ते चरफडत तिकडे गेले.

त्या दिवशी शेवटच्या आठांचे सामने होते. चार नंबरवर दोन सामने म्हाताऱ्यांचे झाले, दोन पोरांचे. पोरांच्या एका सामन्यात मॉरिशसची देविना जिंकली. ती चौदा वर्षांची होती. तिचे पणजोबा कोकणातून तिकडे गेले होते, आणि घरात अजून मराठी टिकून होते. सामना संपल्यावर ती नाबरांसमोर येऊन उभी राहिली.

"काका, चार नंबरची रेष जवळ आहे."

नाबरांनी डोळे मिटून घेतले. "जवळ?"

"होय. माझे बाण वर जातात. दुसऱ्या बोर्डांवर जात नाहीत."

"बाळ, तू आत्ता जिंकलीस ना?"

"जिंकले."

"मग तक्रार कसली? हरलेल्यांची ऐकून ऐकून माझं डोकं फुटायला आलंय. आता जिंकलेल्यांचीही ऐकू?"

"एकदा मोजाल का?"

नाबर उठले. ताडताड चालत चार नंबरपाशी गेले, खाली बसले आणि भिंतीपासून रेषेपर्यंत टेप ओढला. माप बरोबर. त्यांनी तो तिला दाखवला. "बघ. नीट बघ. झालं समाधान?"

मुलीने टेपकडे पाहिले, मग बोर्डाकडे. काहीतरी बोलणार होती. पण नाबरांचा चेहरा पाहून ती निघून गेली. नाबरांनी एक कोरा कागद घेतला, ठळक अक्षरांत लिहिले, 'रेषेविषयीची तक्रार यापुढे ऐकली जाणार नाही', आणि तो दारावर चिकटवला. मग दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी गरम असतानाच चहा प्यायला.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. बिर्जे चार नंबरवरचा आपला सामना जिंकून हसत हसत आले. त्यांनी नाबरांच्या पाठीवर थाप मारली.

"नाबर, मानलं तुम्हाला! चार नंबरची रेष अगदी योग्य आखलीत. आज एकही बाण खाली गेला नाही."

बिर्जे जेवायला गेले. नाबरांचा घास मात्र हातातच राहिला. बिर्जेंना रेष योग्य वाटली? ज्या माणसाला इतक्या वर्षांत कुठलीच रेष योग्य वाटली नव्हती, त्याला? आणि त्या पोरीचे बाण वर जात होते.

ते डबा तसाच सोडून उठले. हॉलमध्ये कुणी नव्हते. चार नंबरपाशी जाऊन या खेपेला त्यांनी टेपचे टोक भिंतीला लावले नाही. बोर्डाच्या तोंडापासून ओळंब्याची दोरी जमिनीपर्यंत सोडली आणि तिथून रेषेपर्यंत मोजले. सात फूट पावणेआठ इंच. फळीच्या जाडीएवढे, बरोबर दीड इंच कमी. फळी त्यांनी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

नाबर तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्यांना आधी बिर्जेंचा राग आला, मग सुताराचा, मग त्या मुलीचा. जिंकली होती, तर गप्प बसायला काय झाले होते तिला? राग करायला आणखी कुणी उरले नाही, तेव्हा तो जिथे जायचा तिथे गेला.

रेष दीड इंच मागे सरकवायला दोन मिनिटे पुरली असती. चिकटपट्टी खिशातच होती. कुणी पाहत नव्हते, आणि कुणाला कधी कळलेही नसते. नाबरांनी जुनी पट्टी उचकटली, नवी लावली. मग मात्र ते डब्याकडे न जाता, थेट पालेकरबाईंकडे गेले.

"बाई, चार नंबरवरचे आजचे चारही सामने रद्द करावे लागतील. रेष दीड इंच चुकली होती. चूक माझी आहे."

पालेकरबाईंच्या हातातला फोन खाली आला. "नाबरसाहेब, उद्या दुपारी बक्षीस समारंभ आहे. पाहुण्यांची वेळ ठरलीय. तीन संघांची परतीची तिकिटं आहेत. दीड इंचासाठी?"

"सामन्यातल्या दोघांनाही रेष तेवढीच जवळ होती, हे मलाही कळतं. पण कुणाला ती फायद्याची झाली, कुणाला तोट्याची. तुम्ही माइक देता की मी असाच ओरडून सांगू?"

माइकवर नाबरांनी सगळे सांगितले. भिंत, फळी, टेप. एका मुलीने सकाळीच हे सांगितले होते आणि आपण ऐकले नाही, हेही सांगितले. हॉलमध्ये गोंधळ माजला. जे हरले होते ते म्हणाले, आम्हाला वाटलेच होते. जे जिंकले होते ते म्हणाले, असला पंच नेमलाच कुणी? बिर्जे तर लालबुंद झाले. "आयुष्यात एकदा रेष बरोबर मिळाली, तीही तुम्हाला बघवली नाही!"

चारही सामने तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झाले. समारंभ लांबला, पाहुणे भाषण न करताच निघून गेले. एका संघाला तिकिटे बदलावी लागली. बिर्जे हरले. देविनाचा सामना अटीतटीचा झाला. दोघींना शेवटचा एकच बाण बसवायचा राहिला होता. देविनाचा बाण बोर्डावरच्या तारेला लागून खाली पडला. समोरच्या मुलीचा बसला.

नाबरांना तिच्याकडे जाणे जड गेले. पण ते गेले.

"मला माफ कर, बाळ. तू बोलली नसतीस, तर आज पुढच्या फेरीत असतीस."

देविनाचे डोळे भरले होते. तिने नाक पुसले. "वाईट तर वाटतंच, काका. पण काल मी जिंकले की रेषेनं जिंकवलं, ते मला कळतच नव्हतं. आज हरले, ते मीच हरले."

 नाबरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडले, "पंच, दोन नंबरची रेष लांब आहे!"

पंचही चुकू शकतो, हे आता सगळ्यांना कळले होते, आणि दारावरचा कागदही निघाला होता. त्यामुळे त्या दिवशी तक्रारी दुप्पट झाल्या. नाबर वैतागत, पुटपुटत, गुडघे चोळत एकेचाळीस वेळा खाली बसले. प्रत्येक वेळी त्यांनी बोर्डाच्या तोंडापासून मोजले. एकेचाळीसही तक्रारी खोट्या निघाल्या. बेचाळिसावी आली, तेव्हा ते तिच्यासाठीही उठले.

तात्पर्य इतकेच: खोट्या तक्रारींचा कितीही वीट आला, तरी खरी तक्रार त्यांच्याच रांगेतून येते, म्हणून न्याय करणाऱ्याने कान मिटू नयेत, आणि स्वतःची चूक सापडली तर कुणी पाहत नसतानाही ती स्वतःच सांगावी.