दवबिंदूसाठी धुतलेली वाळू

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा कोळी आपल्या जाळ्यात बसून माणसांशी भांडत आणि माणसंही त्यांना उत्तरं देत, तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी एक माळीण राहत होती. सगळा गाव तिला आक्का म्हणे.

आक्कानं वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असं लोक म्हणत. त्यांना वाटे, हा हाताचा गुण. खरं तर तो मातीचा होता. जुनं शेणखत, कुजलेला पाला, निंबोळीची पेंड, चुलीतली राख आणि वर थोडं आंबट ताक, असं सगळं ती मायेनं कालवायची. नवं रोप दारात आलं की आधी या मातीचा पाहुणचार, मग बाकीचं.

पाहुणचारावरून आठवलं. त्या गावाची एक रीत होती. पानावर बसलेला माणूस ‘नको’ म्हणाला की वाढणाऱ्यानं आणखी वाढायचं. जो थांबला तो कंजूष ठरे. त्यामुळे कुणी खरोखरच नको म्हणतंय का, हे बघायची सवयच त्या गावातून गेली होती. तुम्ही हसताय, पण तुमच्या घरी पंगत बसते तेव्हा काय चालतं ते जरा आठवा.

आक्काची सून डोंगरावरच्या सड्यावरची होती. सडा म्हणजे माथ्यावरचं उघडं, सपाट कातळ. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत मुलगा राजाच्या बागेच्या कामावर दूर देशी गेला. घरात सासू-सून दोघीच उरल्या.

सुनेनं माहेरून तीन करवंट्या आणल्या होत्या. प्रत्येकीत ओलं शेवाळ होतं आणि त्यात बोटभर उंचीचं, लालसर पानांचं एक रोप. पानांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्यासारखा चिमुकला थेंब. भर दुपारीही तो थेंब सुकत नसे. सड्यावरचे लोक त्या रोपाला दवबिंदू म्हणत.

आक्काला ते रोप पाहून भरून आलं. “किती अशक्त हाय गं बिचारं,” ती म्हणाली आणि खताची मूठ घेऊन आली.

“नको, आत्याबाई,” सून म्हणाली.

आक्कानं आणखी एक मूठ घातली.

पहिलं रोप काळं पडलं आणि गेलं. आक्काला वाटलं, खत कमी पडलं. दुसऱ्याला तिनं ताक घातलं, राख घातली, विहिरीचं पाणी दोन वेळा घातलं. तेही गेलं. आक्काच्या हातून आजवर एक झाड मेलं नव्हतं, आणि आता लागोपाठ दोन मेली. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

सुनेचंही काही बरं चाललं नव्हतं. आक्का तिला भाकरीवर तुपाची धार धरी, केसांना तेल थापी, उन्हात जाऊ देत नसे, एकटं बसू देत नसे. पोर नको नको म्हणे आणि आक्का आणखी वाढी. इतकं खाऊनही तिच्या हातातल्या बांगड्या सैल होत चालल्या होत्या.

एका सकाळी आक्काला दाराशी एक बांधलेलं गाठोडं दिसलं. शेजारी शेवटची करवंटी होती.

“आत्याबाई, हे रोप हितं जगत न्हाई,” सून म्हणाली. “मी त्याला घेऊन वर जाते.”

“आन् परत कधी येशील?”

सुनेनं गाठोड्याची गाठ आणखी आवळली. रोपाबरोबर आपली सूनही चालली, हे तिला कळलं.

“अमावास्येपर्यंत थांब,” ती म्हणाली. “तवर मी ह्याला हात लावत न्हाई. नुसती बघते.”

सून थांबली. आक्का करवंटीपुढे पाट मांडून बसली. काही न करता बसायचं म्हणजे तिला मोठी शिक्षाच होती. हात सारखे राखेच्या टोपलीकडे जात, आणि ती ते पदराखाली दडवून ठेवी.

ती अशी बसली असताना वळचणीतून एक किरटा आवाज आला.

“तुझ्या सुनेच्या या झाडाला काही समज दे,” तिथला कोळी म्हणाला. “माझ्या तोंडचा घास पळवतंय ते.”

“झाड कुठं घास पळवतं का रे?”

“डोळे आहेत ना? मग बघ.”

आक्कानं वाकून पाहिलं. एक चिलट गुणगुणत आलं, चमकणाऱ्या थेंबावर बसलं आणि तिथंच चिकटलं. मग पानावरचे केस हळूहळू त्याच्याकडे वळू लागले. इतके हळू, की आक्का चूल पेटवून परत आली तेव्हा कुठं ते चिलटावर झुकले होते. ती पुन्हा बसली. दुपार टळेपर्यंत पान मुठीसारखं मिटत आलं.

“अगं बया, हे तर आपल्या हातानं जेवतंय,” ती स्वतःशीच म्हणाली. “मग मी ह्याच्या पायाशी एवढं काय वाढून ठेवलं?”

आता तिला राहवेना. तिनं करवंटीची कड निरखली. कडेवर पांढरी पुटं चढली होती. बोट लावून चाखलं, तर खारट लागलं. मीठ तर कुणी घातलं नव्हतं; आधी आक्का रोज घालायची ते नुसतं विहिरीचं पाणी. मग हे आलं कुठून?

तिनं काळा तवा उन्हात पालथा घातला आणि त्यावर विहिरीच्या पाण्याचा एक थेंब टाकला. शेजारी दुसरा थेंब टाकला तो गोठ्यामागच्या रांजणातला. त्या रांजणात पागोळ्यांचं पावसाचं पाणी साठलं होतं. थेंब वाळले. विहिरीच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटलं. पावसाच्या थेंबाच्या जागी नुसता काळा तवा होता. वाटल्यास तुम्हीही करून बघा; तवा मात्र घरच्यांना विचारून घ्या.

आक्का बराच वेळ त्या कड्याकडे बघत बसली. जे पाणी आपल्याला गोड लागत होतं, त्यात एवढं काही होतं तर. मग तिनं सुनेला हाक मारली आणि जन्मात कुणाला विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

“पोरी, ह्याला काय नको असतं?”

सासू खरंच विचारते आहे, हे तिला पटायला वेळ लागला.

“खत नको, राख नको, विहिरीचं पाणी नको,” ती हळूच म्हणाली. “वर सड्यावर पाऊस सगळं धुऊन नेतो. कातळाच्या खळग्यात नुसती गारगोटीची वाळू आन् शेवाळ ऱ्हातं. त्या मातीत काही नसतं, म्हणून तर ते चिलटं धरतं. त्याची मुळं उपाशीच असायची, आत्याबाई. त्यांना जेवण सोसत न्हाई.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं हुतं.”

आक्काला ते ‘नको’ आठवलं आणि पाठोपाठ घातलेली मूठही आठवली. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी ओढ्यावर गेल्या. पांढऱ्या गारगोटीची वाळू वेचून घेतली. ओढ्यात धुतली, खळबळली, पुन्हा धुतली, वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. आक्काला वाटलं, झालं. पण शेवटच्या पाण्याचा थेंब सोबत आणलेल्या तव्यावर वाळवला तर पुसट कडं उमटलंच. मग घरी येऊन रांजणातलं पाणी जपून जपून वापरलं. धुवायची, थेंब टाकायचा, वाट बघायची. सुपात धान्य घेऊन बाई खडे वेचते तशी आक्का त्या वाळूतलं सत्त्व काढून टाकत होती. आयुष्यभर मातीत घालायला शिकलेल्या बाईला आता मातीतून काढायला शिकावं लागत होतं, आणि मजा म्हणजे तिला ते आवडू लागलं होतं.

अखेर तवा काळा राहिला.

सुनेनं माहेरून जादा आणलेलं वाळकं शेवाळ पावसाच्या पाण्यात भिजवलं, पिळलं, परत भिजवलं. शेवाळ आणि वाळू एकत्र केली. कोऱ्या करवंटीला भोकं पाडली, रोपाची मुळं हलक्या हातानं धुतली आणि ते नव्या घरात बसवलं. खाली पसरट ताटलीत पावसाचं पाणी ठेवलं. आक्कानं खताची टोपली स्वतःच उचलून परसात नेऊन ठेवली.

“आन् तुला?” परत येऊन तिनं विचारलं. “तुला काय नको?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. “इतकं तूप नको,” ती म्हणाली. “आन् सारखी सोबत नको. रोज थोडा वेळ एकटीला डोंगरावर जाऊ द्या. सांजेला मी येते.”

‘येते’ हा शब्द ऐकून आक्कानं डोळे पुसले.

अमावास्या आली आणि गेली. रोपाच्या मधोमध एक नवं पान उलगडलं, लालबुंद, थेंबांनी भरलेलं. कोळी रागारागानं जाळं उचलून गोठ्यात राहायला गेला. दाराजवळचं गाठोडं कधी सुटलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नवं पान उलगडलं त्या संध्याकाळी सून डोंगरावरून आली. दोघी जेवायला बसल्या. आक्कानं तुपाची वाटी उचलली.

“वाढू?”

“नको.”

आक्काचा हात सवयीनं पुढं गेला. मग तिनं वाटी खाली ठेवली. दोघी जेवत राहिल्या. अर्धी भाकरी संपल्यावर सुनेनं आपली थाळी पुढं सरकवली.

“आता वाढा थोडं,” ती म्हणाली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: समोरच्याला काय नको ते ऐकून घेणं, हीच मायेची सुरुवात असते.