शेवंताची घंटा

डोंगरांनी वेढलेल्या एका गावात एक ओतारी राहत होता. काशाच्या घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला एकच लेक, शेवंता. पण बाईची सावली भट्टीवर पडली की घंटेला तडा जातो, असं सारं गाव मानायचं. ओतारीही मानायचा.

तरी शेवंता परसात मातीचे साचे करायची आणि उरल्यासुरल्या काशाच्या चिमुकल्या घंटा ओतायची. वासराच्या गळ्यात त्या किणकिणल्या की ओतारी थबकून ऐकायचा. त्याच्या घंटांहून त्यांचा नाद गोड होता. पण तिला भट्टीवर कधी बोलवायचा नाही.

एकदा गावानं देवळासाठी भलीमोठी घंटा करायला सांगितली. ओतायच्या दिवशी सगळे जमले. ओतारी आणि त्याचा भाऊ सांडशीनं वितळलेल्या काशाच्या रसरसत्या मुशी उचलून साच्यात रिकाम्या करू लागले. निम्मं काम झालं, आणि ओताऱ्याच्या मनगटात अशी कळ गेली की हात लुळाच पडला. भावाला एकट्याला मूस उचलेना, आणि जमलेल्यांत हे काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आता उशीर झाला, तर साच्यातला रस थिजून घंटा वाया जाणार होती.

दाराबाहेरून शेवंता म्हणाली, "आबा, मी धरू?"

"खबरदार!" दारात उभे असलेले पाटील गरजले. "घंटा तडकली तर तुम्हाला गावात थारा नाही!"

ओताऱ्यानं लेकीकडे पाहिलं. तिची नजर मुशीवर खिळली होती.

"ये पोरी," तो म्हणाला. "आत ये."

शेवंतानं सांडस धरली. सोन्यासारखी धार साच्यात उतरू लागली. ती ना थरथरली, ना तुटली. गाव श्वास रोखून पाहत राहिलं.

साचा निवल्यावर फोडला. घंटा अखंड होती. पाटलांनी टोल दिला, आणि तो नाद डोंगरांवरून फिरून परत आला, तेव्हा पाटलांचे हात आपोआप जोडले गेले.

"ओताऱ्या, हिच्यावर तुझं नाव कोरू," ते म्हणाले.

"निम्मी घंटा शेवंतानं ओतलीय," ओतारी म्हणाला. "दोघांची नावं कोरा."

शेवंता म्हणाली, "नावाचं नंतर बघू, पाटीलबाबा. आधी हे दार पोरींना उघडं करा. तुम्हाला गरज पडली म्हणून मला आत घेतलं. बाकीच्यांनी कशाची वाट बघायची?"

पाटील दाराशी गेले. त्यांनी ते सताड उघडलं.

भिंतीआडून एक चिमुरडी आत आली. तिनं घंटेला तळवा टेकवला. घंटा अजून आतून थरथरत होती. पोरीचे डोळे विस्फारले.

"आबा," ती ओताऱ्याला म्हणाली, "मला कधी शिकवणार?"

"आजच," ओतारी म्हणाला.

तात्पर्य: शिकण्याचा हक्क मुलीला मुलाइतकाच आहे; तो देण्याआधी तिनं काही करून दाखवावं, अशी अट घालू नये.